उतरणीचे बाण

माझे धाकटे दीर दगडांवर बाण रंगवतात. हे ऐकलं की माणसं दोनदा विचारतात, म्हणजे नक्की काय करतात? मग मला सगळं सांगावं लागतं. आमच्या उद्यानाच्या फाटकातून आत आलं की आधी बाग लागते, मग तळं, आणि तळ्याच्या मागून एक पायवाट झाडीत शिरते. ती आधी धाकट्या धबधब्यापाशी जाते आणि तिथून खडी चढण चढून थोरल्या धबधब्यापाशी. या वाटेवर जागोजागी दगडांवर बाण आहेत, ते भाऊजींचे. कामावर सगळे त्यांना तीरंदाज म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही. घरातला राग सगळा माझ्याच वाट्याला आलेला असल्यामुळे त्यांच्यासाठी काही उरलाच नसावा.

मी फाटकाजवळच्या तिकीट खिडकीत बसते. आमचे हे उद्यानाची जीप चालवतात. थोडक्यात, आमच्या घरातली तिन्ही माणसं रोज एकाच फाटकातून आत जातात आणि एकाच फाटकातून बाहेर येतात. एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्या लोकांचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी विचारतं, धबधब्याला आज पाणी आहे का. कुणी विचारतं, वर बसायला खुर्च्या मिळतील का. एक बाई उंच टाचांच्या चपला घालून आल्या आणि वाट सपाट करून का ठेवली नाही म्हणून माझ्याशी भांडल्या. भाऊजींना मात्र ही माणसं आवडतात. ते म्हणतात, आठवडाभर चार भिंतींत कोंडलेली माणसं येतात वहिनी, त्यांना एक दिवस तरी वाट चुकायची भीती न बाळगता चालता यावं.

आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं, की माणूस दुकानात न शिरता पाटीच बघत उभा राहायचा. त्यांच्या लग्नाचं बोलायला आम्ही एके ठिकाणी गेलो होतो, तर हे महाशय निघताना त्या लोकांना सांगून आले की तुमच्या दारावरच्या नावातला एक काना वाकडा आहे, येऊन सरळ करून देतो. लग्न काही जमलं नाही, पण पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांनी तो काना सरळ करून दिला. मग छापील फलक आले, पाट्यांचं काम बसलं आणि ह्यांनी उद्यानाच्या साहेबांना सांगून त्यांना तिथे चिकटवलं. तेव्हापासून ते आमच्याच घरात, गॅलरीलगतच्या खोलीत राहतात. खोलीत एक खाट, एक स्टूल आणि खिडकीच्या कट्ट्यावर उलटे वाळत ठेवलेले ब्रश. त्या खोलीला इतकी वर्षं टर्पेंटाइनचा वास आहे, की नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो आणि आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

त्यांची काम करायची एक पद्धत आहे आणि पुढचं सगळं त्या पद्धतीवरच आहे, म्हणून नीट सांगते. प्रत्येक दगडाला दोन बाण असतात. एक चढणाऱ्यासाठी, त्याच्या समोरच्या बाजूवर, आणि एक उतरणाऱ्यासाठी, दुसऱ्या बाजूवर. भाऊजी चढणीचे बाण चढताना रंगवतात आणि उतरणीचे उतरताना. मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल, की दगडापाशी गेलातच आहात तर दोन्ही बाजू उरकून टाका, अर्धा वेळ वाचेल. ते ऐकायचे नाहीत. म्हणायचे, उतरणारा माणूस दमलेला असतो, त्याची नजर पायांपाशी असते, त्याला बाण कुठे दिसेल ते वरून चालत आलेल्यालाच कळतं. त्यासाठी ते दहा पावलं मागे जायचे, मान खाली घालून चालत यायचे, जिथे नजर पडेल तिथे खडूने खूण करायचे आणि मग पत्र्याचा साचा लावून रंग भरायचे. कधी कधी मुलांच्या उंचीवरून कसं दिसतं ते बघायला वाटेत बसकण मारायचे. सहलीची माणसं त्यांना ओलांडून जाताना हसायची.

त्या वर्षी वरून हुकूम आला, की सगळे पांढरे बाण पिवळे करा. दगडांवर पांढऱ्या बुरशीचे डाग असतात, त्यात पांढरा बाण उठून दिसत नाही, असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. भाऊजी खूश झाले, कारण ते हे चार वर्षं सांगत होते. जुना रंग तसाच ठेवून वर पिवळा मारला तर तो पापुद्र्यासकट निघतो, म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासून दगड कोरा करायचा आणि मग रंगवायचा. खालचा टप्पा असा पूर्ण झाला. गुरुवारी ते दोन धबधब्यांमधल्या वरच्या टप्प्यावर गेले. तिथे अडतीस दगड आहेत. चढताना त्यांनी प्रत्येक दगडाच्या दोन्ही बाजू घासून कोऱ्या केल्या आणि चढणीच्या बाजूला पिवळे बाण काढले. दुपारी दोनच्या सुमाराला ते वर पोचले. डबा खायचा आणि उतरणीचे बाण काढत खाली यायचं, एवढंच राहिलं होतं.

त्याच दुपारी माझं कपाट आलं, त्यासाठी मी रजा घेऊन घरी थांबले होते. लोखंडी, आरसा लावलेलं, किती तरी दिवस मनात असलेलं. आणणाऱ्यांनी ते इमारतीच्या दाराशी ठेवलं आणि आमचं काम इथपर्यंतच, म्हणून निघून गेले. तिसऱ्या मजल्यावर ते चढवणार कोण? आमचे हे त्या वेळी जीप घेऊन पठारावर, म्हणजे थोरल्या धबधब्याच्या वर गाडीरस्ता जिथे संपतो तिथे, कचऱ्याची पिंपं आणायला गेले होते. मी त्यांना फोन केला, की येताना भाऊजींना घेऊन या. भाऊजी नको म्हणाले, उतरण राहिली आहे. मग मी फोन त्यांच्या हातात द्यायला लावला आणि म्हणाले, "तुमचे बाण काय पळून जाणार आहेत का? माझं कपाट मात्र रस्त्यावर पडलंय."

ते आले. माझ्या शब्दाला ते कधी नाही म्हणत नसत. दोघा भावांनी कपाट वर चढवलं आणि शेवटच्या वळणावर भाऊजींच्या कमरेत उसण भरली. ते पायरीवरच बसले. शुक्रवारी त्यांना खाटेवरून उठता येईना. सकाळी मी कामाला निघताना त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा, वरचा टप्पा बंद ठेवायला लावा. उतरणीला एकही बाण नाही."

मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते आज कितीही वेळा मनात घोळवलं तरी उत्तर तेच येतं. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला असता, की माणूस काम अर्धवट टाकून खाली कसा आला? मग जीप निघाली असती, कपाट निघालं असतं आणि ह्यांची हजेरी घेतली गेली असती. मला वाटलं, एकदोन दिवसांचा प्रश्न आहे, शनिवारी भाऊजी उठतील आणि जाऊन बाण काढून येतील. शनिवारीही ते उठले नाहीत. रविवारी गर्दी इतकी होती, की दुपारपर्यंत मला तोंडात पाणी घ्यायला सवड मिळाली नाही.

त्या गर्दीत ते जोडपं होतं. मला ते आठवतं, कारण छत्री कुणी धरायची यावरून ते खिडकीसमोरच एकमेकांना बोलत होते. तो शिंपी होता. त्याच्या शर्टाच्या खिशाला दोन सुया टोचलेल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीही काढायला विसरला असावा. ती प्राथमिक शाळेत शिकवणारी, म्हणून मी तिला पुढे बाईच म्हणत आले. दोघं पन्नाशीच्या आसपासची. लग्नानंतर इतक्या वर्षांत दोघंच अशी पहिल्यांदा बाहेर पडली होती, हे मला नंतर कळलं. माझ्याकडून दोन तिकिटं घेऊन ती आत गेली.

वर थोरल्या धबधब्यापाशी त्यांचं बिनसलं. त्याला चारची बस गाठायची होती, तिला अजून थोडं पाण्याशी बसायचं होतं. बोलण्यातून बोलणं वाढलं आणि ती म्हणाली, जा मग एकटे, माझ्यासाठी थांबू नका. तो गेला. वरून उतरताना एकोणिसाव्या दगडापाशी वाट फुटते. उजवीकडची आपली, डावीकडची गुरांची जुनी वाट, जी थेट घळीच्या काठावर जाऊन संपते. डावीकडची वाट जास्त रुंद आणि जास्त सोपी दिसते. म्हणूनच तिथे बाण सगळ्यात मोठा असतो. त्या दिवशी तिथे कोरा दगड होता.

बाई तासाभराने एका गिर्यारोहण मंडळाच्या लोकांबरोबर उतरली. त्यांचा म्होरक्या या वाटेवर चाळीस वेळा आलेला होता. तो दगडांकडे बघतसुद्धा नव्हता आणि बाई त्याच्या पाठीवर नजर ठेवून उतरली. खाली आल्यावर तिने बसथांब्यावर नवऱ्याला शोधलं, बागेत शोधलं आणि मग माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, की छत्री घेतलेले गृहस्थ बाहेर गेले का? तिने ते विचारलं त्या क्षणी मला कोरे दगड आठवले. काय झालं असेल ते मला कळलं.

संध्याकाळपर्यंत शोध झाला, काही लागलं नाही. सोमवारी उजाडताच भाऊजी उठले. कमरेला माझी जुनी चादर आवळून बांधली, रंगाचा डबा घेतला आणि शोधायला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांबरोबर जीपने पठारावर गेले. वर दाट धुकं होतं. वरून खाली शोधत निघालेल्यांपैकी दोघं जवान एकोणिसाव्या दगडापाशी डावीकडेच वळले. मागून भाऊजींनी ओरडून त्यांना थांबवलं. त्यानंतर त्यांनी दुसरा कुठलाच विचार केला नाही. परत वर गेले आणि पहिल्या दगडापासून उतरणीचे बाण काढायला घेतले. मागून अजून माणसं येणार होती, त्यांतलं कुणी डावीकडे जाऊ नये एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मोडलेल्या कमरेने अडतीस वेळा वाकून त्यांनी अडतीस बाण काढले. शेवटच्या दगडापाशी पोचले तेव्हा घळीतून जवानांची शिटी ऐकू आली. शिंपी सापडला होता. तो गेलेला होता.

मंगळवारी ऊन पडलं. साहेब पंचनाम्याला वर गेले, पोलीस गेले, जागा दाखवायला बाईलाही नेलं. सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येक दगडावर, दोन्ही बाजूंना, डोळ्यांत भरतील असे पिवळे बाण होते. साहेबांनी कागदावर लिहिलं, की खुणा स्पष्ट असूनही पर्यटकाने वाट सोडली.

भाऊजी त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. फक्त कपाट आणि माझं नाव वगळून. म्हणाले, कमरेत उसण भरली म्हणून काम अर्धं टाकून आलो. साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नाही, पण कागद एकदा वर गेला की तो परत मागवायचा त्यांना फार कंटाळा. ते म्हणाले, मी स्वतः बाण पाहिलेत, पोलिसांनी पाहिलेत, कमरेच्या गोळ्यांनी तुमचं डोकं जड झालंय, आठ दिवस रजा घ्या. धुक्यात डावीकडे वळलेल्या त्या दोन जवानांनीही धुक्यालाच दोष दिला होता. भाऊजी घरी आले, चप्पल काढली आणि मला एकच विचारलं, "साहेबांना शुक्रवारी सांगितलं होतं ना?"

मी म्हणाले, राहून गेलं. मला वाटलं होतं बोलतील, शिव्या देतील, निदान खोलीचं दार आपटतील. ते आत गेले आणि ब्रश धुवायला बसले. त्यांनी मला तेव्हा दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी कमी रडले असते.

त्यानंतर त्यांच्या कामाची पद्धत बदलली. आता ते प्रत्येक दगडापाशी चढणीचा बाण काढतात, दहा पावलं वर जातात, मान खाली घालून परत येतात आणि उतरणीचा बाण काढूनच पुढच्या दगडाकडे जातात. एका दिवसाचं काम तीन दिवस चालतं. जेवायला बसले की पानात काय आहे ते त्यांना कळत नाही. गॅलरीत उभे राहतात तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं कुठे वळतात ते बघत राहतात. आमचे हे म्हणाले, होईल हळूहळू कमी. झालं नाही.

बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायला लागली. एक तिकीट घ्यायची, वर जायची, तीनचार तासांनी उतरायची. मी मान वर न करता तिकीट फाडून द्यायचे. भाऊजी तिला लांबून बघायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. असं जवळजवळ वर्ष गेलं. मग एकदा एकोणिसाव्या दगडापाशी ते डबा घेऊन बसले असताना ती वरून आली. तिने पाणी मागितलं, त्यांनी बाटली दिली. ती तिथेच दगडाला टेकून बसली आणि ओळख ना पाळख, बोलायला लागली. म्हणाली, दादा, माझ्या नवऱ्याला मी इथे मारलं. तो रागावला की त्याला डोळ्यांसमोरचं दिसायचं नाही. एवढा मोठा बाण त्याला दिसला नाही, इतकं मी त्याला बोलले होते. आता दर महिन्याला येऊन त्याची माफी मागते, पण ती त्याला पोचत असेल असं वाटत नाही.

भाऊजी त्या दिवशी घरी येऊन न जेवता खाटेवर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं, तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "वहिनी, तो रागात नव्हता. दगड कोरा होता. हे तिला कळलंच पाहिजे. मला नीट बोलता येत नाही, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. तुमचं नाव मी काढणार नाही."

पुढच्या महिन्यात ती उतरून आली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. आम्ही तळ्याकाठच्या बाकावर बसलो. बाई, तिच्या शेजारी मी, आणि भाऊजी समोर उभे, हातात टोपी. शाळेत उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते. त्यांनी सांगितलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. जुने बाण घासले, चढणीचे काढले, उतरणीचे राहिले, मी घरी गेलो, अंथरुणावर पडलो, कुणाला कळवलं नाही. सोमवारी येऊन काढले. तुमच्या बोलण्याचा यात काही संबंध नाही बाई, तुम्ही त्यांना गोड बोलून पाठवलं असतं तरी ते डावीकडेच वळले असते.

बाई तळ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी परत परत वाचून बघावं तसे. मला दिसत होतं, की तिला विश्वास ठेवावासा वाटतोय. एखादं जड ओझं खाली ठेवायला माणूस वाकतो, तितकी ती वाकली होती. मग ती म्हणाली, मी मंगळवारी बाण पाहिले होते दादा, माझ्या डोळ्यांनी. भाऊजी म्हणाले, ते सोमवारचे होते. ती माझ्याकडे वळली.

"ताई, हे खरं आहे का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण त्या ‘हो’च्या मागून पुढचा प्रश्न येणार होता, की तुम्हाला कसं माहीत, आणि तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही तिकिटं का दिलीत? भाऊजींनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी घेतलं असतं तर ह्यांची नोकरी, माझी नोकरी, साहेब, पोलीस. हे सगळं माझ्या डोक्यातून एका श्वासात गेलं आणि मी म्हणाले, "ते फार मनाला लावून घेतात हो. तेव्हापासून असंच काहीबाही बोलतात."

बाईने मान हलवली. ती उठली, भाऊजींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, की माझ्यासाठी तुम्ही स्वतःवर एवढं ओढवून घेताय, हे मी विसरणार नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते टोपी डोक्यावर ठेवून तळ्यामागे चालू लागले आणि त्या दिवसापासून तो विषय त्यांनी घरात काढला नाही. आम्ही एका ताटलीतलं लोणचं वाढून घेतो, दूध आलं का विचारतो, कपडे वाळले का बघतो. पण मला वहिनी म्हणून हाक मारायचं त्यांनी सोडून दिलं. हाक न मारता बोलतात.

चार महिने मी काढले. मग एका शनिवारी दुपारी अर्धा दिवस रजा टाकली आणि बाईच्या घरी गेले. पत्ता उद्यानाच्या कागदांत होता. दोन खोल्या, जिन्याला कठडा नाही. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र कापड टाकून झाकलेलं, भिंतीवर खिळ्याला मापाची फीत आणि तिच्याशेजारी कुणाची तरी पँट टांगलेली, एका पायाची शिवण उसवलेली, दुसऱ्याची नाही. गिऱ्हाईक नेतच नाही, असं बाई म्हणाली, आणि मलाही परत द्यायचं सुचत नाही. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली.

मी सगळं सांगितलं. कपाट सांगितलं, जीप सांगितली, मी फोनवर काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. शुक्रवारी भाऊजींनी काय निरोप दिला आणि मी तो का गिळला, ते सांगितलं. तळ्याकाठी मी खोटं बोलले, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि ते खरं रडू होतं. आता नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनाशी पक्कं करूनच मी आले होते. तिने पोलिसांकडे जावं, साहेबांकडे जावं, माझ्या तोंडावर थुंकावं, काहीही चालणार होतं. फक्त तिने यापुढे माफी मागायला वर चढू नये.

तिने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर उठून आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुमचे दीर खूप खंगलेत, हो ना?" ती म्हणाली. "परवा पाहिलं मी त्यांना. त्यांना बरं वाटावं म्हणून आलात तुम्ही. त्या दिवशी बाकावर तुम्ही पटकन बोलून गेलात तेच खरं होतं ताई. आज तयारी करून आलात."

मी शपथा घेतल्या. माझ्या घरी चला, कपाट दाखवते म्हणाले. ती ओशाळं हसली. कपाट कुणाच्या घरी नसतं? असं तिने म्हटलं नाही, पण मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. जीपच्या वहीत त्या फेरीची नोंद नव्हती, कारण ती करायची नाही असं मीच ह्यांना सांगितलं होतं. शुक्रवारच्या निरोपाला साक्षीदार नव्हता. बाणांवर बाण काढल्याची तारीख नसते. मी खरं बोलतेय हे दाखवायला माझ्याजवळ माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं आणि त्या शब्दाचं मी तळ्याकाठी काय केलं होतं, ते तिने ऐकलेलं होतं. निघताना ती जिन्यापर्यंत आली. कठडा नाही, भिंतीच्या बाजूने उतरा म्हणाली, आणि मी खाली पोचेपर्यंत वर उभी राहिली.

घरी आले तर भाऊजी गॅलरीत होते. मी कुठे गेले होते ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, पटलं का तिला? मी नाही म्हणाले. ते म्हणाले, नाहीच पटणार, आणि वाळलेले कपडे दोरीवरून काढायला लागले.

बाई अजून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. आता तिचे गुडघे दुखतात, वर जायला तिला दुप्पट वेळ लागतो. पूर्वी ती नुसतं तिकीट घेऊन जायची, आता उतरल्यावर माझ्या खिडकीशी थांबते, कारण मी तिच्या ओळखीची झाले आहे. दादांची तब्येत विचारते. मग म्हणते, आजही माफी मागून आले. भाऊजी त्या दिवशी रजा घेतात. मला घेता येत नाही, रविवारी खिडकीवर बसायला दुसरं कुणी नाही.